पंख्याच्या हुकाला झोळी

बोलतंय कोण म्हणून इकडेतिकडे बघू नका. मीच ती. नागपूरच्या एका ऑफिसात, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, काळ्या पेटीतल्या स्पंजच्या खाचेत बसवलेली. माझं कंपनीतलं नाव लांबलचक, अर्धं आकड्यांचं. ते मलाही धड पाठ नाही. कागदोपत्री मी लेझर स्कॅनर. फुलसावंगीच्या साईटवर मात्र बायकांनी मला 'गरगरी' म्हणायला सुरुवात केली, आणि खरं सांगू का, त्या नावाने कुणी हाक मारली तरच ती मला मारली असं वाटतं.

माझं काम ऐकायला मोठं वाटतं, पण साधंच आहे. मला तीन पायांच्या स्टँडवर उभं करतात, बटण दाबतात. मग मी हळूहळू स्वतःभोवती फिरते आणि चहूकडे प्रकाशाची बारीक सुई टोचत जाते. सुई भिंतीला लागून परत आली की भिंत किती लांब ते कळतं. तो एक ठिपका. असे लाखो ठिपके जमले की संगणकाच्या पडद्यावर अख्खी खोली उभी राहते, खांबाच्या टवक्यासकट. ती नकाशावर ठेवून बघतात. जुळलं ते हिरवं, चुकलं ते लाल. आणि जिथे काहीच नाही ते पांढरं. त्यावर लिहिलेलं असतं, 'मोकळी जागा'.

हे दोन शब्द ध्यानात ठेवा. मला पुढे त्यांच्याकडे यायचं आहे, आणि यायला मन होत नाही.

माझ्या प्रत्येक मापाला शेपूट असतं: अधिक-उणे दोन मिलिमीटर. म्हणजे मी कितीही ठामपणे सांगितलं तरी शेवटी हळूच पुटपुटतेच, "असं मला वाटतं बरं का, थोडं इकडेतिकडे असेल." त्यातून माझे दोन दोष जन्माचे. एक, जे हलतं ते मला धड टिपता येत नाही. त्याचा नुसता धूर उमटतो. आणि दुसरा, मी जिथे उभी असते, तेवढीच जागा मला दिसत नाही. सगळ्या खोलीचे ठिपके पडतात आणि माझ्या पायाखाली एक काळं वर्तुळ उरतं. जगाची मापं काढणारीला स्वतःच्या पायाखालचं दिसू नये, याला काय म्हणावं?

जन्म माझा फार लांबचा, थंड देशातला. तिथलं फारसं आठवत नाही. पांढरे कोट आणि शांतता. पहिली काही वर्षं पुण्यात मोठ्या दुकानांच्या तळघरांतून गेली. मग मी जुनी झाले आणि नागपूरच्या या कंपनीने मला घेतलं. कंपनीकडे मुलींची वसतिगृहं बांधायचं काम होतं, एकाच नकाशाची, लांबलांबच्या तालुक्यांत. आधीच्या एका वसतिगृहात न्हाणीघराच्या दारासमोर बरोबर खांब आला होता, आणि नागपूरला ते कळेपर्यंत दारही बसून झालं होतं. तेव्हा साहेब म्हणाले, आता साईट दर आठवड्याला इथे बसल्या बसल्या दिसली पाहिजे. तिचे स्कॅन बघूनच पुढच्या आठवड्याचं काम ठरेल. कुठे विटा, कुठे माणसं, कुठे भरणी.

अशी मी यवतमाळ जिल्ह्यात, फुलसावंगीला आले. दोन हजार सतराचा दसरा नुकताच झाला होता. मला चालवायला नाहिद होती.

नाहिद बोरी अरबची. तिचे वडील रहेमान मिस्त्री जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करायचे, त्यामुळे यंत्राशी बोलायची सवय तिला घरातूनच होती. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, पंचविशीची, आणि घरी सहा महिन्यांचा जीशान. नवरा तनवीर दिग्रसला टायरच्या दुकानात. लेकरू बोरीला अम्मीजवळ, ती इथे खोली घेऊन, आणि रविवारी दोन बस बदलून घर. मला पहिल्यांदा पेटीतून काढलं तेव्हा तिने मला दोन्ही हातांनी असं उचललं की एक हात आपोआप माझ्या मानेखाली गेला. मला काही मान धरायची गरज नव्हती. पण मी ती धरू दिली.

साईटवर त्या साली एक वेगळीच गोष्ट झाली होती. एरवी दिवाळीच्या पुढे बांधकामाला बाई मिळत नाही. सगळ्या कापूस वेचायला. त्या साली मिळेल तेवढ्या मिळाल्या. सुपरवायझर वामनराव खूश होते.

"काय वो जमनाबाई," ते म्हणाले, "यंदा वेचणी सोडून आमच्याकडे?"

जमनाबाई तांड्यावरची, साठीची. हातभर पांढऱ्या बांगड्या, अंगात आरसे लावलेली चोळी. टोपलं डोक्यावर तसंच ठेवून ती म्हणाली, "यंदा वेचायले काय हाय? अळ्या? बोंड उघडलं का गुलाबी अळी हसते आमच्याकडं पाहून. तुमी देता का अळीचा भाव?"

बायका हसल्या. वामनरावही हसले, पण जरा उशिरा.

जमनाबाईबरोबर तिची सून बबिता यायची आणि बबिताबरोबर चार महिन्यांची मुलगी. त्या मुलीला जमनाबाई 'लालीबाई' म्हणायची, अगदी पोक्त बाईला म्हणावं तसं. "लालीबाई उठल्या काय? लालीबाईनं दूध घेतलं काय?" लालीबाई मुठी चोखत बघत राहायच्या.

आता सहा नंबरच्या खोलीबद्दल सांगते. खोली म्हणजे तेव्हा चार खांब आणि वर स्लॅब. भिंती उठायच्या होत्या. स्लॅबमध्ये पंख्यासाठी लोखंडी हूक सोडलेला होता. बबिताने सगळ्या खोल्या हिंडून सहा नंबर पसंत केली. वारा आरपार, ऊन दुपारनंतरच. तिने सासूची जुनी ओढणी त्या हुकाला बांधली आणि झोळी केली. पंखा यायला अजून वर्ष होतं. तोवर त्या हुकाला लालीबाई.

पहिल्याच आठवड्यात नागपूरहून फोन आला. "मॅडम, सहा नंबरमध्ये मध्येच हा लाल गोळा कसला? आणि मागच्या बाजूला, आठ फुटांवर, हवेत ठिपके चमकतायत. ते काय आहे?"

ते माझं काम होतं. झोळी हलत होती म्हणून तिचा धूर उमटला. आणि ओढणीला आरसे होते. माझी सुई आरशावर पडली की भलतीकडे उडते आणि मी भाबडेपणाने ती जिथून आली असं वाटतं तिथे ठिपका मांडते. सहा नंबरच्या मागे, जिथे नुसता तुराट्यांचा ढीग होता, तिथे मी चांदण्या मांडून ठेवल्या होत्या.

"झोळी आहे सर," नाहिद म्हणाली. "लेबरच्या बाळाची. चांदण्या... म्हणजे ते ठिपके तिच्या आरशांचे आहेत."

"हो का? मग तो नॉइज झाला. नॉइज साफ करून पाठवत जा."

नाहिदने फोन ठेवला. जमनाबाई तिथेच पाणी पीत होती. "काय म्हणे सायब?"

"काही नाही मावशी. झोळीला मशीनच्या भाषेत आवाज म्हणतात. तो काढून टाका म्हणे."

"आवाज?" जमनाबाईने झोळीकडे पाहिलं. "थे पोट्टी तं सकायपासून रडलीबी नाई. तिले आवाज कायले म्हणता?"

तेव्हापासून दर शनिवारी असं व्हायचं. मी खोलीखोलीतून फिरायचे, सगळं टिपायचे. दुपारी नाहिद पत्र्याच्या शेडमध्ये लॅपटॉप उघडायची, सहा नंबरवर यायची, झोळीच्या धुराभोवती माउसने एक रेघ काढायची, कुंपण घालावं तशी, आणि पुसायची. मग मागच्या चांदण्या. खोली पांढरी व्हायची. मोकळी जागा.

बाकीची साफसफाई ती सावकाश करायची. फिरणारी माणसं, कुत्रा, वामनरावांचा अर्धा हात. झोळी मात्र सगळ्यात आधी. मला आधी वाटलं, साहेबांनी सांगितलंय म्हणून. एकदा शेडमध्ये आम्ही दोघीच होतो. ती पडद्यावरच्या त्या धुराकडे बघत मला म्हणाली, "ही समोर असली ना, की मला पुढचं काही सुचत नाही गं."

त्याच्या आदल्याच रविवारी ती घरी जाऊन आली होती. सोमवारी बबिताने सहज विचारलं, "कसा हाय आमचा जीशानभाऊ?"

"आला नाही माझ्याजवळ," नाहिद म्हणाली. हसत म्हणायचा प्रयत्न केला तिने. "अम्मीच्या गळ्याला चिकटला नुसता. मी घेतलं तर रडला."

"लेकरू वासावर ओयखते वो मॅडम. तुमाले सिमेंटचा वास येऊन राह्यला." बबिताने लालीबाईला उचलून पुढे धरलं. "हे घ्या, आमची घ्या. हिले तं सिमेंटचाच वास मायचा वाटते."

नाहिदचे हात अर्धे पुढे आले. मी बघत होते. मग ते मागे गेले आणि माझ्या स्टँडचा स्क्रू घट्ट करू लागले, जो आधीच घट्ट होता. "मला स्कॅन लावायचा आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी फोनवर तिची अम्मी, हुस्नाबी, सांगायची, "सो गया अबी. तू फिकर नको करू. अच्छा खाया." नाहिद विचारायची, "अम्मी, किस करवट पे सोया?" एवढं कुणी विचारतं का? मला ते फार ओळखीचं वाटायचं. अधिक-उणे दोन मिलिमीटर.

मी तेव्हा काय करायला हवं होतं, याचा विचार मी या पेटीत पुष्कळ केला आहे. माझा दोष नव्हता, असं म्हणता येतं. मी दर आठवड्याला झोळी दाखवली होती. पण दाखवणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला कळायला हवं होतं. मी दाखवत होते आणि हे पाहत होते की कुणीतरी ते पुसतंय, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेवढंच दाखवत होते. यंत्र असण्याची ही मोठी सोय आहे.

डिसेंबरचा पहिला शनिवार. नागपूरच्या कागदावर पुढच्या आठवड्याचं काम आलं होतं: पाच, सहा, सात नंबर मोकळ्या आहेत, तेव्हा आत मुरमाची भरणी सहापासून सुरू करा. सोमवारी करायची होती. पण मुरमाचा टिप्पर शनिवारीच आला, जेसीबीही रिकामाच उभा होता. वामनराव म्हणाले, "उरकून टाका."

नाहिदला हे माहीत नव्हतं. तिने मला पाच आणि सहाच्या मधल्या खांबाजवळ उभं केलं. शेजारी बबिताने झोळीला एक लांब झोका दिला. "झोपा आता लालीबाई, मी दोन फेऱ्या टाकून येते." ती वर स्लॅबवर पाणी मारायला गेली. नाहिदने माझं बटण दाबलं आणि माझ्या नजरेत येऊ नये म्हणून शेडकडे गेली, सकाळच्या फेऱ्यांचं साफ करायला.

माझी एक फेरी चार मिनिटांची. सुरुवात मी झोळीच्या पलीकडून केली, म्हणजे ती नजरेत सगळ्यात शेवटी येणार होती. पहिलं मिनिट विटांचा ढीग. दुसऱ्या मिनिटाला खांबांमधल्या फटीत मला एक पिवळं पातं दिसलं. अंतर अकरा मीटर. जेसीबीचं बकेट, मुरमाने भरलेलं, वर उचललेलं, तोंड सहा नंबरकडे. वर बसलेला ड्रायव्हर फुलचंद कागदावर बोट ठेवून होता. खांबामुळे त्याला आतली झोळी दिसत नसावी. आणि दिसायचं कारण काय? कागदावर मोकळी जागा होती.

मी ओरडू शकत नाही. मागे वळू शकत नाही. एकदा जिकडून नजर गेली तिकडे फेरी पुरी झाल्याशिवाय परत पाहता येत नाही, तशी माझी घडणच आहे. बकेट माझ्या नजरेतून सुटलं आणि तिसरं मिनिट मी एका कोऱ्या खांबाचे ठिपके घेत काढलं. त्याच्यावरची प्रत्येक चीर मला आजही पाठ आहे. मागून इंजिनाचा आवाज वाढला. मुरूम ओतल्याचा आवाज आला. पावलांचा आला, अनवाणी, धावत. कुणीतरी फुलचंदच्या नावाने एवढं जोरात ओरडलं की आवाज बाईचा की पुरुषाचा ते कळलं नाही.

मग चौथं मिनिट, आणि मी झोळीसमोर आले.

आठ आठवड्यांत पहिल्यांदा झोळी माझ्यात स्पष्ट उमटली. प्रत्येक चुणी, प्रत्येक आरसा, हुकाची गाठ. धूर नाही, काही नाही. कारण ती हलत नव्हती. एका बाजूला तांबडा ढीग होता, झोळीच्या तळाला टेकलेला, आणि झोळी सरळ खाली लोंबत होती, रिकामी, वातीसारखी.

मी तेवढंच टिपलं आणि फेरी संपली. माझा दिवा विझला. पुढे काय, ते मला ठाऊक नव्हतं.

मग शिंक आली. अगदी बारीक. त्यानंतर रडणं, असं ठणठणीत की जमनाबाईने म्हटलंच असतं, आता म्हणा हिले आवाज.

नाहिद माझ्यामागे जमिनीवर बसली होती, लालीबाईला छातीशी धरून. तिची चप्पल शेडपाशी राहिली होती. लॅपटॉपवर झोळीभोवती रेघ काढून झाली होती, पुसायची बाकी होती. तेवढ्यात तिने इंजिन सहाकडे वळताना ऐकलं होतं. पहिलं बकेट अर्धं रिकामं झालं तेव्हा ती झोळीत हात घालत होती. बाकीचं अर्धं फुलचंदने वरच अडवलं.

बबिता धावत आली, तिने मुलगी ओढून घेतली आणि तिच्या केसांतला मुरूम झटकू लागली. जमनाबाई बोलली. "मॅडम, तुमाले तं माहीत होतं ना? तुमी तं रोज पायता."

नाहिद म्हणाली, "हो मावशी. माहीत होतं."

वामनराव घाबरले होते म्हणून चिडले. "लेकरं आणायचीच कायले साईटवर? सोमवारपासून लेकरूवाली बाई नको. एकबी नको." बबिताने मान खाली घातली. त्या साली शेतात वेचायला काही नव्हतं आणि साईटवरही नको म्हटलं, तर तिने कुठे जायचं?

नागपूरचा फोन लागला. वामनरावांनी सगळ्यांसमोर मोठ्या आवाजावर टाकला. साहेब म्हणाले, "स्कॅनमध्ये तर खोली मोकळी होती."

इथे नाहिदला गप्प बसता आलं असतं. मशीन जुनी आहे, असंही म्हणता आलं असतं, आणि मी त्यावर काय उत्तर देणार होते? मी स्वतःच माझी खात्री देत नाही.

"मशीनने दाखवली होती सर," ती म्हणाली. "दर वेळी दाखवली. मी पुसत होते. तुम्ही सांगितलं म्हणून, आणि..." ती थांबली. "आणि मलाही बघवत नव्हतं म्हणून. बाई चुकली नाही. चूक माझ्या रिपोर्टची आहे. मला काढायचं तर काढा, पण तिला नका काढू."

साहेबांनी फोन ठेवला.

बबिताला काढलं नाही, नाहिदलाही नाही. माझ्यासारखी जुनी मशीन चालवायला फुलसावंगीला यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, हेही एक कारण असेल. पण दोन दिवसांनी तिने जो रिपोर्ट पाठवला, तो मी तयार केलेल्या सगळ्या रिपोर्टांत मला जास्त आवडतो. त्यात झोळी पुसली नव्हती. तिच्याभोवती निळी चौकट होती आणि लिहिलं होतं: 'झोळी. जागा मोकळी नाही.' खाली कामाचा नवा क्रम होता. भरणी दहा नंबरकडून सुरू करायची, सहाला सगळ्यात शेवटी यायचं. पाण्याची टाकी दहाकडेच असल्याने ते तसंही सोयीचं होतं, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

साहेबांचा फोन आला. "मॅडम, आमच्या यादीत झोळी कशात टाकायची? प्लंबिंगमध्ये की इलेक्ट्रिकमध्ये?"

"इलेक्ट्रिकमध्ये सर," नाहिद म्हणाली. "पंख्याच्या हुकाला आहे."

साहेब हसले की नाही, कळलं नाही. पण पुढच्या आठवड्याच्या यादीत, वायरिंगच्या खाली, झोळी होती. संख्या: एक.

जानेवारीत ती संख्या आठ दिवसांपुरती दोन झाली. हुस्नाबी जीशानला घेऊन आली. येताना नाक मुरडतच आली, "इधर धूल में? बच्चे को?" पण सात नंबरच्या हुकाला बबितानेच झोळी बांधून दिली, आणि हुस्नाबी दोन्ही झोळ्यांच्या मध्ये बसून दोन्ही दोऱ्या ओढायला लागली. जमनाबाई टोपलं घेऊन जाता जाता म्हणायची, "याडी, जरा आमचीलेबी जोर लाव, तुयाच नातवाले झुलवतं." हुस्नाबीला याडी म्हणजे आई हे ठाऊक नव्हतं, तिला वाटलं काहीतरी नाव ठेवलं. दोन दिवस रुसली. मग कळल्यावर तिसऱ्या दिवशी जमनाबाईसाठी भाकरीवर ठेचा घेऊन आली.

त्या शनिवारी मी दोन धूर टिपले. जीशानने शेवटच्या दिवशी आईकडे आपणहून हात पसरले, तेही टिपलं, पण ते हलत होतं, म्हणून माझ्यात तो नुसता एक पुंजका आहे. मला मात्र तो ओळखता येतो.

मग ते गेले. जूनमध्ये बबिता आणि जमनाबाईही गेल्या. पेरणी होती, पुन्हा कापूसच. दुसरं काय पेरणार, जमनाबाई म्हणाली, सवय हाय हाताले. झोळी सोडली. हुकाला गाठीचा घासलेला डाग राहिला, दोन मिलिमीटरचा. हे माप मी छातीठोकपणे सांगते.

दिवाळीच्या आत इमारत पुरी झाली. शेवटचा स्कॅन राहिला होता, सगळं नकाशाबरहुकूम झालंय असं दाखवणारा. नाहिदचाही तो शेवटचा. दारव्ह्याला एका शिक्षणसंस्थेत तिला काम मिळालं होतं. रोज घरी जाता येणार होतं. मला आनंद झाला. अधिक-उणे.

तिने मला सहा नंबरमध्ये मधोमध उभं केलं. भिंती गुलाबी, फरशी नवी, वर पंखा. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मॅडम, पायू द्या आमची खोली." जमनाबाई आणि बबिता, आणि बबिताच्या बोटाला धरून लालीबाई. नुकत्या चालायला लागलेल्या. पायात वाजणारे चाळ.

लालीबाईने बोट सोडलं. खोलीभर बघितलं आणि थेट माझ्याकडे निघाली. डुलत आली, माझ्या तीन पायांच्या मध्ये शिरली आणि एक पाय दोन्ही हातांनी धरून खाली बसली, घरात बसावं तशी.

"अवं, डोये जातीन पोरीचे," बबिता पुढे झाली.

"काही होत नाही," नाहिद म्हणाली. "बसू दे. तिथे गरगरीला काही दिसतच नाही."

आणि तिने बटण दाबलं.

मी चार मिनिटं फिरले. गुलाबी भिंत टिपली, पंख्याची तीन पाती, दारात थांबलेली जमनाबाई, जी मुद्दाम श्वास रोखून स्थिर उभी राहिली आणि म्हणून आरशांसकट पुरी उमटली. लालीबाई हसत होती, माझ्या पायाला तिचा गाल टेकलेला कळत होता. सगळी खोली मला दिसली. ती तेवढी दिसली नाही.

माझ्या पायाखालचं काळं वर्तुळ एरवी नाहिद भरून काढायची. शेजारच्या फरशीचे ठिपके घ्यायचे आणि वर पसरायचे, कुणाला कळत नाही. त्या दिवशी तिने ते तसंच ठेवलं. नागपूरहून शेवटचा फोन आला. "मॅडम, सहा नंबरमध्ये खाली एक गोल राहिलाय. मोकळी जागा आहे ना ती? भरून टाकू?"

"नाही सर," नाहिद म्हणाली. "मोकळी नाही. राहू द्या."

जाताना तिने मला पेटीत ठेवलं, पुन्हा एक हात मानेखाली घालून. झाकण लावलं. ते एकदा उघडलं, माझ्या काचेवरून ओढणीचं टोक फिरवलं, आणि पुन्हा लावलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी बॅटरी धरत नाही. कंपनीकडे नव्या मशिनी आल्या आहेत. हेल्मेटवर बसणाऱ्या, उडणाऱ्या, चालता चालता टिपणाऱ्या. हलणारी माणसं त्या आपणच पुसून टाकतात म्हणे, कुणाला रेघ काढायलाही लागत नाही. मला त्यांचा हेवा वाटत नाही. थोडी भीती वाटते.

कपाटाबाहेर मुलं बोलताना ऐकू येतं, की जुन्या डिस्का भरल्या आहेत, फुलसावंगीचं आता कुणाला हवंय, जागा मोकळी करू. तर माझं एवढंच मागणं आहे. भिंती पुसा, पंखा पुसा, माझी सगळी हिरवी लाल मापं पुसा. त्यात अधिक-उणे पुष्कळ आहे. सहा नंबरच्या फरशीवर मात्र एक काळा गोल दिसेल. तो चूक समजून भरू नका. त्यात एक मुलगी बसली आहे, आणि तिचा गाल अजून माझ्या पायाला लागतो आहे.